राखीव बेटावरचे किडे

ते खोकं कोणी आणलं, हे मी सांगणार नाही. ज्याने आणलं त्याला ते माहीत आहे, आणि तो हे वाचणार आहे. त्यातल्या डांबरगोळ्या कोणी काढून फेकल्या, तेही सांगणार नाही. त्या माणसाला तर अजून वाटतं की आपण मंडळावर उपकारच केले!

आमच्या भाईंदरच्या निसर्ग मंडळाचं एक इतिवृत्ताचं पुस्तक आहे. ठराव, सूचक, अनुमोदक, आभार, सगळं त्यात आहे. प्रत्यक्ष घडलेलं मात्र काहीच नाही. ते आमच्या तोंडी साठत गेलं. दोन मेंबर बाजारात भेटले की एक किस्सा निघतो, तिसरा येऊन त्यात भर घालतो, आणि महिन्याभराने तोच किस्सा दुप्पट जाड होऊन आपल्यालाच कोणीतरी ऐकवतं. आणखी फुगायच्या आत लिहून काढलेलं बरं, म्हणून बसले आहे. मी मंडळाची चिटणीस, कुंदा. झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली मंडळात मी एकटीच. बाकीच्यांची पात्रता एवढीच की त्यांना रविवारी सुट्टी असते.

चौक गावाच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. माणूस राहत नाही. सगळी खारफुटीची तिवरं, चिखल, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या आणि वर बगळ्यांची घरटी. सरकारने तिथे 'राखीव' अशी पाटी लावली होती, पण तात्पुरती. ती मुदत संपली की एक कंत्राटदार टपलेलाच होता. मुंबईच्या बेकऱ्यांना भट्टीसाठी लाकूड लागतं, आणि तिवराचं लाकूड छान जळतं. बेटाची एक बाजू त्याने पाटीसमोरच बोडकी केली होती. आम्ही वनखात्याच्या कचेरीत गेलो तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "बेटावर काय काय जीव आहेत त्याची यादी आणा. संग्रहालयाच्या तज्ज्ञाची सही हवी. पावसाळ्याच्या आत आणलीत तर कायमचं राखीव करतो. नाहीतर बेट कंत्राटदाराला."

म्हणजे एका बेटाचा जीव आमच्या मंडळाच्या हातात होता. बेटाचं नशीब बघा!

* * *

आमचे अध्यक्ष नाना. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत एका बँकेत हेडक्लार्क. निसर्गाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांना त्यावर बोलता येतं.

पहिल्या सहलीला एस.टी.ने चौकला उतरलो आणि शेजारच्या पाली गावातल्या बस्त्याव कोळ्याच्या होडीतून बेटावर गेलो. बस्त्यावने होडी लावतानाच बजावलं, "दोन घंटे. पानी उतरलं का होडी चिखलान बसल. पानी आपल्यासाठी थांबाचं न्हाय."

नानांनी मान डोलावली. मग नाश्ता झाला. 'आधी नाश्ता, मग निसर्ग' हा नानांचा नियम. मग नानांचे 'दोन शब्द' सुरू झाले. निसर्ग आणि मानव, निसर्ग आणि संस्कृती, निसर्ग आणि बँकेतली शिस्त. मी तीनदा घड्याळ दाखवलं. नानांना वाटलं, मी वेळेचं महत्त्व सुचवतेय. त्यावरही ते दहा मिनिटं बोलले!

टाळ्या वाजवून आम्ही वळलो तर पाणी गायब. होडी चिखलात आडवी, आणि बस्त्याव तिच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपलेला.

"अहो, आता?" नानांनी विचारलं.

बस्त्यावने टोपीसुद्धा हलवली नाही. "चालू ठेवा भाषन. पुढचं पानी सांजचे येल."

* * *

दुसऱ्या सहलीला मी मौनाचा नियम केला. पक्षी बघायचे तर बोलायचं नाही. नानांनी तो ठराव म्हणून मांडला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली.

आमचे खजिनदार रमणिकभाई. स्टेशनजवळ त्यांचं किराणा दुकान आहे. माणूस उदार, फक्त त्यांच्या मते निसर्ग म्हणजे उघड्यावर फरसाण खायची जागा. त्या दिवशी तिवरांमागे दबा धरून आम्ही बसलो होतो. समोर उथळ पाण्यात बगळ्यांचा अख्खा थवा. मी वहीत मोजत होते. श्वाससुद्धा जपून घेत होतो सगळे. आणि रमणिकभाई एकदम उभे राहून ओरडले, "आउट! आउट!"

थवा उडाला. पार वसईच्या बाजूला गेला. रमणिकभाईंच्या शर्टाच्या आत ट्रान्झिस्टर होता, आणि त्याची वायर कानात!

"रमणिकभाई, तुम्हाला काही वाटतं का?" मी वही आपटून विचारलं.

"कुंदाबेन," ते शांतपणे म्हणाले, "बगळा रोज येते. टेस्ट मॅच रोज येते काय?"

* * *

पक्ष्यांची यादी अशी वसईला उडून गेल्यावर मी किड्यांवर आले. किडे ओरडल्याने उडत नाहीत. शिवाय ते पकडून, टाचणीला टोचून, संग्रहालयात नेता येतात. तज्ज्ञाला सही करायला समोर काहीतरी ठोस असतं.

जाळ्यासाठी मी घरची मच्छरदाणी कापली. आई म्हणाली, "किडे तुझ्या जाळ्यात, आणि डास आमच्या अंगावर. वा! शिकवलं ते कारणी लागलं."

त्याच महिन्यात मला बघायला गिरगावातून माणसं आली. आईने घर लख्ख केलं होतं, पण कपाटावरची माझी फळी तिच्या नजरेतून सुटली. तिच्यावर एक मोठा पतंग पंख पसरून वाळत होता. मुलाच्या आईने पोहे खाताखाता वर पाहिलं आणि चमचा तसाच धरून विचारलं, "हे काय?"

"विणकाम," आई म्हणाली.

"पतंग आहे," मी म्हटलं. "खरा. काल पकडला."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "म्हणजे तुम्ही... मारता?"

"मारते. मग टोचते. मग नाव लिहिते."

ती माणसं पोहे संपवून गेली. निरोप आलाच नाही. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनी मात्र पेपरातून डोकं न काढता विचारलं, "त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी तू तयार ठेवली नव्हतीस ना?"

* * *

संग्रहालयात कीटकांची मांडणी कशी करतात ते मंडळाने बघावं, म्हणून मी सगळ्यांना मुंबईला नेलं. कीटक विभागाचे साहेब म्हणजे काटकुळे, पांढऱ्या कोटातले, आणि हसण्याचा काही इरादा नसलेले गृहस्थ. त्यांनी दारातच आमच्या पिशव्या काढून घेतल्या.

"खाण्याचा पदार्थ आत न्यायचा नाही. फुलं नाहीत. लोकरीची शालसुद्धा नाही. एक जिवंत किडा आत शिरला तर मेलेले सगळे खाऊन टाकेल. माझ्या आधीच्या तीन साहेबांनी जमवलेलं आहे हे."

साहेबांनी नाक वर करून हवा हुंगली आणि रमणिकभाईंच्या कोटाकडे बोट दाखवलं. खिशातून शेवगाठ्यांची पुडी निघाली. साहेबांनी त्यांना पायऱ्यांवर बसवून ती संपवायला लावली, हात धुवायला लावले, आणि मगच आत घेतलं.

आत खणच्या खण. काचेखाली ओळीने भुंगे, चतुर, फुलपाखरं. प्रत्येकाच्या पाठीतून एक टाचणी, टाचणीला तांदळाएवढ्या अक्षरांची चिठ्ठी, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा डोकं उठवणारा वास. मी तर वेडीच झाले. एका खणापुढे अर्धा तास उभी होते. तोवर नाना सबंध विभाग बघून परतही आले होते. नाकाला रुमाल.

"हे सगळे मेलेले आहेत?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"जिवंत असते तर मी नोकरीवर नसतो."

निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. नानांनी ती अध्यक्ष या नात्याने भरली. मी खांद्यावरून वाचलं: 'व्यवस्था उत्तम. वास कमी करता येईल. किडे थोडे मोठे असते तर बरे झाले असते.'

* * *

त्यानंतर मात्र आम्ही, म्हणजे मी, खरोखर काम केलं. सलग सहा रविवार. गुडघाभर चिखलात उभं राहून मी तिवराच्या पानापानावरचे किडे गोळा केले. बस्त्याव होडीत बसून बघायचा. एकदा म्हणाला, "बाय, मासली पकडली आसतीस तं बाजार तरी झाला आसता." पण पाण्यात पडलेलं माझं जाळं काढायला तोच उडी मारायचा, आणि कंत्राटदाराची माणसं कोयते घेऊन येताना दिसली की लांबून शीळ घालायचा तोही तोच. दर रविवारी तोडलेले बुंधे वाढत होते. मी मोजायचे. शेवटी मोजणं सोडलं आणि किडेच जास्त जोरात पकडायला लागले.

पकडलेला किडा कोणी, कुठे, कधी पकडला याची चिठ्ठी टाचणीला लावायची असते. चिठ्ठ्यांचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं. प्रत्येक चिठ्ठीवर मंडळाचं पूर्ण नाव, स्थापना, 'अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली' आणि खाली सही! चिठ्ठी पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढी, किडा मुगाच्या दाण्याएवढा.

"नाना, यात किडा दिसत नाही."

"किडा जाईल गं, कुंदे. रेकॉर्ड राहतं."

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेलं.

मग खोकं. मंडळाने सागवानी पेटी करून घ्यायचा ठराव केला, त्यासाठी उपसमिती नेमली, आणि उपसमितीत पेटीला कडी हवी की कुलूप यावर फूट पडली. शेवटी कोणीतरी एक लाकडी खोकं घेऊन आलं. मजबूत, झाकण घट्ट, आत जाड पुठ्ठा बसवला की टाचण्या रुतायच्या. थोडा वास होता. "समुद्राचा आहे," असं सगळ्यांचं मत पडलं. "नमुने बेटाचे, वासही तिकडचाच. उलट बरं!" मीही विचारलं नाही. पावसाळ्याला दोनच महिने उरले होते आणि मला घाई होती.

मी खोक्यात मोजून डांबरगोळ्या ठेवल्या. नव्वदावर नमुने लावले. झाकण लावलं आणि खोकं नानांच्या हवाली केलं, कारण ते समारंभपूर्वक संग्रहालयात न्यायचं ठरलं होतं. समारंभाला पाहुणे हवेत. पाहुण्यांना वेळ हवा. खोकं लाल रिबीन बांधून नानांच्या कपाटात दीड महिना राहिलं. मधल्या काळात तिथे कोणाचं तरी डोकं दुखायला लागलं, आणि कोणीतरी गोळ्या काढून टाकल्या.

पाहुणे शेवटपर्यंत आलेच नाहीत.

* * *

संग्रहालयात आम्ही पाच जण गेलो. नानांनी टोपी घातली होती. साहेबांनी खोकं टेबलावर घेतलं, रिबीन कात्रीने कापली, झाकण उघडलं.

आत टाचण्या होत्या. नव्वदावर टाचण्या, सरळ रेषेत, ताठ. प्रत्येक टाचणीला नानांची चिठ्ठी, अक्षर न अक्षर शाबूत. किडे नव्हते. तळाशी तपकिरी भुसा, थोडे तुटके पंख, आणि त्या भुशातून केसाळ अळ्या आणि काळपट भुंगे अतिशय समाधानाने फिरत होते. एक भुंगा नानांच्या सहीवरून चालत गेला.

साहेबांनी झाकण आदळलं, खोकं छातीशी धरलं आणि पांढरा कोट उडवत ते जे धावत सुटले ते थेट अंगणात. आम्ही मागे. खोकं फरशीवर ठेवून ते भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले.

"नमुने कुठे गेले?" नानांनी विचारलं.

"आहेत ना," साहेब म्हणाले. "यांच्या पोटात."

मी रडले नाही. तिथे नाही. सहा रविवार, मच्छरदाणी, एक स्थळ, आणि एक बेट. पंधरा दिवसांनी मुदत संपणार होती. मी साहेबांना एवढंच विचारलं, "आता यादी कसली देऊ?"

त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं; बेटाच्या चिखलाचा काळा रंग दीड महिन्यानंतरही त्यांतून गेला नव्हता. मग चिमट्याने एक भुंगा उचलून बाटलीत घातला. "मी खोटं लिहीत नाही," ते म्हणाले. "जे बघितलं ते लिहीन."

* * *

त्यांचं पत्र आठवड्याने आलं. संग्रहालयाचा शिक्का, सही, आणि तीन ओळी. अमुक बेटावरील म्हणून सादर झालेलं खोकं तपासलं. त्यात एक जात जिवंत व सुस्थितीत आढळली. पुढे तिचं लांबलचक लॅटिन नाव. सोबत साहेबांनी स्वतः काढलेलं भुंग्याचं सुंदर चित्र. पत्रात एक शब्द खोटा नव्हता.

मी आणि नाना ते घेऊन कचेरीत गेलो. रस्ताभर मी ठरवत होते की खोकं, गोळ्या, दीड महिना, सगळं सांगून टाकायचं. विज्ञान म्हणजे प्रामाणिकपणा, हे मी कॉलेजात टेबलावर हात आपटून म्हटलेलं वाक्य आहे.

कचेरीतल्या साहेबांनी शिक्का बघितला. लॅटिन नाव ओठ हलवत वाचलं, दोनदा अडखळले आणि खुर्चीत सरळ बसले.

"म्हणजे आपल्या भागात हा असा एकच?"

"खोक्यात तरी एकच, साहेब," नाना म्हणाले.

"फक्त या बेटावर?"

माझं तोंड उघडलं. टेबलाखाली नानांनी माझ्या पायावर आपला बूट ठेवला. खिडकीबाहेर बाकावर कंत्राटदार बसला होता. त्याच्या मांडीवर एक जाड फाईल होती आणि तो आमचं काम आटपायची वाट बघत होता. मी त्या फाईलकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चर्चेत गप्प बसले.

साहेबांनी सही केली. "बाई, असली दुर्मीळ चीज इतके दिवस कोणाला सापडली नाही म्हणजे कमाल आहे! आता त्या तिवराला कोणी हात लावून दाखवावा."

* * *

नव्या पाटीचा समारंभ चौकच्या किनाऱ्यावर झाला, कारण ओहोटी होती आणि या वेळी नानांनी तिची वेळ बस्त्यावला आधी विचारली होती. कचेरीचे साहेब आले. पाहुणेही आले! आता सगळ्यांना वेळ होता. नाना बोलले. कंत्राटदार नव्हता.

पाटीवरचं कापड ओढलं. वर मोठ्या अक्षरांत 'कायम राखीव'. त्याखाली लॅटिन नाव देवनागरीत, चार चुका करून. त्याखाली 'या दुर्मीळ कीटकास इजा करणाऱ्यास शिक्षा होईल'. आणि मधोमध भुंग्याचं चित्र. पेंटरने जीव ओतला होता. भुंगा कासवाएवढा, एकेक पाय, एकेक केस स्पष्ट. टाळ्या झाल्या. समोर, पाण्यापलीकडे, तिवरं हिरवीगार उभी होती, आणि बगळे परतत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. पाटीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बाजूलाच आडव्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. तिथे बस्त्यावची आई, आग्नेसमाय, बोंबील उलटत होती. टाळ्या ऐकून ती पदराला हात पुसत पुढे आली. तिला वाचता येत नाही. तिने चित्र बघितलं. जवळ जाऊन पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे, साहेबांकडे, हार घातलेल्या पाहुण्यांकडे बघितलं.

"आगो बाय!" ती म्हणाली. "याला राखाला एवढी मानसां आली? माझे सुक्या बोंबलाचे खोक्यान दर साल सूपभर निंगतान, मी चुलीन घालते. आधी बोलली आसतीस तं डबा भरून दिला आसता! आनि बस्त्याव, माझं खोकं कुनाला दिलंस रं?"